बहीण खगोलभौतिकीत पीएचडी करतेय, "कुठपर्यंत आलं?" हे घरच्यांनी कशावरून ओळखायचं?

मिरजकर_दादा
नमस्कार मंडळी, या क्षेत्रातलं कुणी असेल तर मदत हवीये. माझी धाकटी बहीण पुण्यात एनसीआरएला (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र) रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष सुरू झालंय. परवा फोन आला, "दादा, जीएमआरटीचा टाइम मिळाला, माझ्या नावावर!" आवाजावरूनच कळत होतं की काहीतरी मोठं झालंय पण नेमकं काय ते मला कळेना. आमच्या वेळी कसं, वर्ष संपलं, निकाल लागला, पेढे आणले. हिच्यात तसं काहीच नाही. आई विचारते कुठपर्यंत आलं, मामा विचारतो कधी संपणार, आणि ती मग गप्पच होते. मला तिच्या आनंदात नीट सामील व्हायचंय, तर यात टप्पे कोणते असतात ते कुणी सांगाल का?

खोडद_ते_हॉलंड
दादा, आधी पेढे आणा, ही बातमी पेढ्यांचीच आहे! मी पुण्यातूनच पीएचडी केली, आता नेदरलँड्सला पोस्टडॉक (पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी) करतोय.

जीएमआरटी म्हणजे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मध्यभागी एकमेकींच्या जवळ आणि १६ तीन दिशांना २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या, सगळ्या मिळून एकच दुर्बीण. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप सर आणि त्यांच्या टीमने उभी केली. जगातला कुठलाही संशोधक तिच्यासाठी अर्ज करू शकतो, वर्षातून दोनदा अर्ज मागवतात, आणि मागितलेले तास हे असलेल्या तासांपेक्षा जास्तच भरतात. म्हणजे तुमच्या बहिणीने कागदावर पटवून दिलं की आकाशातल्या अमुक जागेकडे इतके तास बघायला हवं, का हवं, काय दिसेल आणि काहीच दिसलं नाही तरी त्यातून काय कळेल, आणि परीक्षण करणाऱ्यांना ते पटलं. "माझ्या नावावर" हे तर फारच महत्त्वाचं. तोपर्यंत विद्यार्थी बहुतेक गाइडने दिलेल्या प्रश्नावर काम करतो, इथून प्रश्न तिचा स्वतःचा झाला. माझ्या मते पीएचडीतला सगळ्यात मोठा टप्पा हाच, पदवीपेक्षाही, आणि नेमका हाच घरी कुणाला दिसत नाही.

आता पुढचं सांगतो. निरीक्षण बऱ्याचदा रात्रीचं लागतं. आधी थ्री सी ४८ किंवा थ्री सी २८६ असा आकाशातला एखादा रेडिओ स्रोत बघतात ज्याची तीव्रता पक्की माहीत असते, मग आपला स्रोत, मधेमधे त्याच्या जवळचा कॅलिब्रेटर (मोजमाप जुळवून घ्यायला वापरायचा ओळखीचा स्रोत), असं तासन् तास चालतं. खरं काम मात्र नंतर. डेटात मोबाइल टॉवर, विजेच्या तारा, उपग्रह सगळ्यांचा गोंगाट शिरलेला असतो, तो तांदूळ निवडावे तसा निवडून काढायचा, मग कॅलिब्रेशन, मग इमेज, ती बिघडलेली दिसली की परत पहिल्यापासून. यात महिने जातात. त्या काळात फोनवर "काही नाही, तेच चाललंय" असं म्हणाली तर ती अडकलीये असं समजू नका. एक दिवस "इमेज आली" म्हणेल, तेव्हा व्हॉट्सॲपवर मागून घ्या आणि काळ्या पडद्यावरचे ते ठिपके कसले आहेत ते विचारा, तासभर बोलेल.

पाषाण_रोड
वरच्याशी सहमत, मी सध्या आयुकात (पुण्यातलीच खगोलशास्त्राची दुसरी संशोधन संस्था) आहे. पहिल्या वर्षी आमचे आणि एनसीआरएचे कोर्सेस एकत्रच होतात, दोन्ही संस्था विद्यापीठाच्याच आवारात. त्यातून पार पडून गाइड मिळणं हा पहिला टप्पा, तो तिचा झालेला आहे. दोन वर्षांनी कामाचं मूल्यमापन होऊन जेआरएफचं एसआरएफ होतं, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोची सीनियर होते. २०२३ पासूनच्या सरकारी दराने विद्यावेतनाचे महिन्याला ३७ हजारांचे ४२ हजार होतात, शिवाय घरभाडं. मामांना हे सांगा, पैशाचं लोकांना लगेच कळतं.

मग पहिला पेपर, म्हणजे शोधनिबंध. जर्नलला पाठवला की रेफरी (त्याच विषयातला दुसरा संशोधक) तपासतो, प्रश्नांची यादी येते, कधी दोन पानी कधी दहा पानी, त्याला उत्तरं द्यायची, परत पाठवायचं. शेवटी स्वीकारला की अर्काइव्ह (arXiv) या सगळ्यांना खुल्या वेबसाइटवर टाकतात (काहीजण आधीच टाकतात), आपल्याकडे पहाटे नवीन यादी येते आणि अख्खा ग्रुप ती उघडून बसलेला असतो. आमच्यात ज्याचा पहिला पेपर त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची. लेखकांत तिचं नाव पहिलं आहे का ते बघा, म्हणजे काम मुख्यतः तिचं. हे सगळ्याच विषयांत लागू होत नाही हां. अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेने २०१६ साली गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं त्या पेपरवर हजाराच्या वर लेखक होते, आपल्या पुण्यातलेही, अशा ठिकाणी नावाच्या क्रमावरून काही ठरत नाही.

आणि हो, कॉन्फरन्समधलं पहिलं भाषण विसरू नका. त्याआधी ग्रुपसमोर सराव होतो तिथे प्रश्न विचारून घाम काढतात, पण त्यामुळेच बाहेर निभावतं.

नाशिकची_आई
माझा मुलगा याच क्षेत्रात, म्हणून आईच्या बाजूने लिहिते. शेवटच्या वर्षाची मनाची तयारी आत्ताच ठेवा. पोस्टडॉकचे अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते डिसेंबरात असतात, म्हणजे बरोब्बर दिवाळीत. लेक घरी आली तरी लॅपटॉप घेऊन बसेल, फराळाचं ताट तिथेच नेऊन द्यायचं. एकेकजण ढिगाने अर्ज करतो, नकारही ढिगाने येतात, आणि १५ फेब्रुवारी ही बऱ्याच ठिकाणी होकार कळवायची तारीख असते. तोवर पाहुण्यांना मीच उत्तरं द्यायचे. त्याच्याजवळ कुणाला "कधी संपणार" विचारू दिलं नाही. मिळालेली नोकरीसुद्धा दोन-तीन वर्षांचीच, मग परत अर्ज. लग्नाचा विषय काढणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा बाई... म्हणजे दादा.

मिरजकर_दादा
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पूर्ण धागा वाचून दाखवला, उद्या पेढे घेऊन मी स्वतःच पुण्याला निघतोय. ती दुर्बीण आम्हाला बघता येईल का?

खोडद_ते_हॉलंड
येईल की! २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाला खोडदला मोठं प्रदर्शन भरतं, शाळाच्या शाळा येतात. बाबांनाही न्या. आत मोबाइल बंद ठेवायचे, त्यांच्या लहरींचा दुर्बिणीला त्रास होतो. आणि समजवायला बहिणीलाच सोबत घ्या, ४५ मीटरची डिश हळूहळू वळताना बघायला मिळाली तर मला फोटो... नाही, मोबाइल बंद. तिलाच वर्णन लिहायला सांगा.