विटांचं वजन टेकणार कशावर?
व्हायनिल साइडिंग (बाहेरून भिंतीला लावलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या) उतरवून वीट लावली की भिंत मजबूत होते, असं काहीजण म्हणतात, ते काही पटलं नाही. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरात छताचा भार लाकूडच पेलतं. वीट म्हणजे नुसता अंगरखा. उलट त्या अंगरख्याचंच वजन चौरस फुटाला जवळपास 40 पौंड, आणि ते टेकायला घराच्या पायाला बाहेरून कड लागते. साइडिंगच्या घरांना ती बहुधा नसते. आमच्या न्यू जर्सीतल्या घराला नव्हती. गवंड्याने कोपऱ्यातली माती उकरून दाखवली तर काँक्रीट सरळसोट खाली गेलेलं, चार बोटं टेकायलाही जागा नाही. मग पायाला लोखंडी अँगल ठोका, नाहीतर नवं फूटिंग, म्हणजे जमिनीखालचा काँक्रीटचा रुंद तळ, ओता. खर्चाचा आकडा तिथेच फिरतो.

शिवाय वीट आणि मागची पोकळी मिळून भिंत साडेचार-पाच इंच पुढे येते. खिडक्या खोल जातात, बाहेरचा नळ, मीटर सगळं हलवावं लागतं. आम्ही शेवटी फक्त दर्शनी भागाला पाऊण इंची पातळ वीट चिकटवली. पूर्ण वीट लावणार असाल तर खालच्या ओळीतली पाणी निथळायची भोकं मुंग्या येतात म्हणून सिमेंटने बुजवू नका. आमच्या शेजाऱ्यांनी तो पराक्रम केलाय!