अनुभव धागा: मोठ्या वयात पोहण्याच्या क्लबात

पोट सुटल्यावर किंवा डॉक्टरांनी तिसऱ्यांदा बजावल्यावर ज्यांनी तलावाचा नुसता मासिक पास न काढता प्रौढांसाठी चालणाऱ्या एखाद्या पोहण्याच्या क्लबात नाव घातले, त्यांचे अनुभव या धाग्यासाठी मागवले होते. क्लबात जाण्याआधी आपण कसे पोहत होतो आणि नंतर त्यात नेमके काय बदलले, एवढे सांगावे अशी विनंती होती. वजन किती उतरले याचे आकडे दिले नाहीत तरी चालणार होते. माझ्यापुरते सांगतो. मी पंधरा वर्षे पास काढून पोहत होतो आणि पंधरा वर्षे एकच चूक करत होतो. मी उजवीकडे श्वास घेताना पुढे असलेला डावा हात पाणी दाबत खाली जात असे आणि प्रत्येक श्वासाला माझा वेग मोडत असे. क्लबातल्या प्रशिक्षकांना ही चूक काठावरून पाहताना दुसऱ्या लॅपलाच दिसली. मला ती कधीच दिसली नसती, कारण त्या क्षणी माझे डोके दुसरीकडे वळलेले असे. आलेले अनुभव फारशी काटछाट न करता खाली देत आहे.

पुणे, वय ४६, मूळ गाव सातारा जिल्ह्यात

आमच्याकडे पोहायला शिकणे म्हणजे पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून विहिरीत ढकलले जाणे. मी आठव्या वर्षी तसाच शिकलो आणि बाराव्या वर्षापर्यंत कठड्यावरून मुटका मारणे, सूर मारणे, तळाशी बुडी घेऊन टाकलेले नाणे वर आणणे या सगळ्यात तरबेज झालो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी क्लबाच्या अर्जावर 'पोहता येते का' या प्रश्नापुढे मी जरा अभिमानानेच 'उत्तम' असे लिहिले. पहिल्या सकाळी ५० मीटरचा एक लॅप पोहून मी पलीकडचा कठडा धरला तेव्हा मला धाप लागली होती, आणि शेजारच्या लेनमधल्या, माझ्याहून निदान पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या बाई तिसऱ्या लॅपला वळत होत्या.

प्रशिक्षकांनी मी किती हात मारले ते मोजले होते. एका लॅपला ७२. विहिरीतला माणूस मान वर काढून पोहतो, कारण त्याला समोर कोण मुटका मारतो आहे ते पाहायचे असते; पण डोके वर आले की कंबर खाली जाते, कंबरेमागे पाय बुडतात आणि मग आपण आडवे न पोहता तिरक्या फळीसारखे पाणी ढकलत राहतो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असल्याने हा तिरकेपणा फार महाग पडतो. मला पहिले तीन आठवडे एकच काम दिले होते: तळावरची काळी रेघ पाहत राहायचे आणि नाकातून सतत बुडबुडे सोडायचे. मी श्वास कोंडून धरत असे आणि तोंड वर आल्यावर आधी सोडून मग घेत असे, म्हणजे एका वळणात दोन कामे उरकत असे. धाप हवा कमी पडल्याने लागत नव्हती. जुनी हवा बाहेर जात नव्हती म्हणून लागत होती. हे कळल्यानंतरही अंगवळणी पडायला दोन महिने गेले, कारण घाबरलेले शरीर प्रत्येक वेळी विहिरीतल्या सवयीकडेच पळते.

चार महिन्यांनी हात ५० वर आले. ५० मीटरला पूर्वी ७२ सेकंद लागत, आता जोर लावून ५५ लागतात. हा आकडा कोणाला सांगताना फुशारकी वाटू लागली की मी एक गोष्ट आठवतो. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये हेच अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक जिंकले.

ठाणे, वय ५१

मी पोहायला शिकले तीच मुळी ४८ व्या वर्षी, आणि गुडघ्यांमुळे शिकले. महिलांच्या दुपारच्या बॅचमधल्या आम्ही सहाजणींनी मिळून एका प्रशिक्षक बाईंना आठवड्यातून तीन दिवस बोलावले आणि पुढे त्याचाच छोटा क्लब झाला. सुरुवातीच्या तलावावर लॅपची लेन मागितली तेव्हा तिथल्या माणसाने 'तुम्हा लेडीजना उथळ बाजू पुरे की' असे ऐकवले होते. आम्ही भांडलो नाही. दुसरा तलाव शोधला. (भांडायला हवे होते, असे आज वाटते.)

पोशाखाविषयी पुष्कळजणी विचारतात म्हणून लिहिते. गुडघ्यापर्यंतचा, बाह्या असलेला नायलॉनचा पोशाख सहज मिळतो आणि त्यात कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही. सुती कपडे मात्र चालत नाहीत. ते पाणी पिऊन जड होतात आणि त्यांचे धागे गाळणीत अडकतात. टोपी घालण्याआधी शॉवरखाली केस साध्या पाण्याने भिजवून घ्यावेत, कारण आधीच भिजलेले केस क्लोरीनचे पाणी कमी शोषतात.

गुडघ्यांना आराम पडला, हे खरे. पण माझ्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी पोहण्याच्या कौतुकात सहसा कोणी सांगत नाही. पाण्यात शरीराचा भार हाडांवर पडत नाही, आणि पाळी गेल्यानंतर हाडांना तो भार हवा असतो. म्हणून उरलेल्या दिवशी मी चालते आणि थोडी वजने उचलते.

आमच्या क्लबात घाई कोणालाच नाही. एका महिन्यात आम्ही फक्त अंग एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायला शिकलो: सहा किक एका कुशीवर, मग एक हात, मग सहा किक दुसऱ्या कुशीवर. हे करताना पहिल्यांदा मला मान न उचलता, नुसत्या अंगाच्या वळण्याने श्वास मिळाला, आणि मी मधेच थांबून सगळ्यांना ते ओरडून सांगितले. बाई म्हणाल्या, "अहो, सांगू नका, आणखी एकदा करा."

पणजी, वय ३९

माझा अनुभव इशाऱ्याचा आहे. क्लबात रुजू होऊन महिना झाला नाही तोच मी स्वतःच्या मनाने हाताला लावायच्या मोठ्या फळ्या, म्हणजे पॅडल, विकत घेतल्या आणि रोज एक किलोमीटर त्या लावून पोहू लागलो. माझा हात पाण्यात शिरताना डोक्यासमोरची मधली रेघ ओलांडून पलीकडे जात होता. पॅडलमुळे त्या चुकीवरचा ताण वाढला आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला अशी कळ धरली, की सहा आठवडे बंडीची गुंडीही डाव्या हाताने लावत होतो. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले आणि प्रशिक्षकांनी हात खांद्याच्या सरळ रेषेत टाकायला लावला. आधी हात दुरुस्त करावा, मग हत्यारे घ्यावीत.

सॅन होजे, कॅलिफोर्निया, वय ५३

इथे प्रौढांच्या क्लबांना 'मास्टर्स' म्हणतात. या नावामुळे मी दोन वर्षे त्यांच्या वाटेला गेलो नाही, कारण त्यात निष्णात लोक असतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात १८ वर्षे पूर्ण केलेला कोणीही नाव घालू शकतो. ही चळवळ मुळात रॅन्सम आर्थर या नौदलातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने उभी राहिली. पोहण्याच्या निमित्ताने मोठी माणसे तंदुरुस्त राहावीत हा त्यांचा हेतू होता, आणि १९७० साली टेक्सासमधल्या अमॅरिलो येथे अशा पोहणाऱ्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

पहाटे साडेपाचला पाण्यावर वाफ असते आणि प्रशिक्षक फळ्यावर त्या दिवसाचा पाठ लिहीत असतात. एका लेनमध्ये पाचजण असतात; सगळ्यांनी उजव्या बाजूने जाऊन तसेच परत यायचे, पुढच्याच्या मागे पाच सेकंदांनी निघायचे आणि मागून आलेल्याने तळपायाला हलकेच बोट लावले की पुढच्या कठड्याशी थांबून त्याला वाट द्यायची. पहिल्या दिवशी माझ्या तळपायाला इतक्या वेळा बोटे लागली की शेवटी मी आपण होऊन सर्वांत मागे गेलो. तिथे एक ७४ वर्षांचे गृहस्थ होते. ते म्हणाले की शेवटचा नंबर चांगला, पुढच्यांनी पाणी ओढून दिलेले असते.

मी मॅरेथॉन धावणारा. किकबोर्ड, म्हणजे हातात धरून नुसते पाय मारायची तरंगती फळी, हातात दिला तेव्हा मी जीव तोडून पाय मारले आणि जागेवरच राहिलो. मग ध्यानात आले की मी हळूहळू मागे जातो आहे. वर्षानुवर्षे धावून माझे घोटे इतके ताठ झाले होते की पावले पाण्यात मागे वळण्याऐवजी आकड्यासारखी खाली रोवली जात होती. आता रोज रात्री टाचांवर बसून, वज्रासनातच म्हणा ना, घोटे सैल करतो. आईला फोनवर हे सांगितले तर ती म्हणाली की जेवल्यावर वज्रासनात बस हे मी तुला तिसरीपासून सांगते आहे.

नाशिक, वय ६१

मला मधुमेह आहे आणि इन्सुलिन चालू आहे. जमिनीवर साखर उतरू लागली की घाम फुटतो, हात थरथरतात. पाण्यात घाम कळत नाही आणि थरथर थंडीची वाटते. म्हणून मी आधी साखर तपासतो, काठावर ग्लुकोजची पूड ठेवतो आणि जीवरक्षकाला व लेनमधल्या दोघांना सांगून ठेवले आहे. एकट्याने पास काढून पोहत होतो तेव्हा हे सांगायला कोणी नव्हते, आणि माझ्या दृष्टीने क्लबाचा मुख्य उपयोग हाच आहे. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नये. त्यामागे साचणाऱ्या पाण्यातून डोळ्याला वाईट संसर्ग होऊ शकतो. नंबरचे गॉगल मिळतात.

मुंबई, वय ४२

मी क्लब सोडला. आमच्या क्लबात स्पर्धांचे वारे शिरले, मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेची तयारी सुरू झाली आणि प्रत्येक ५० मीटरला भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहणे आले. दिवसभर ऑफिसात मुदती पाळणाऱ्याला पहाटेही तेच नको होते. शिकलेले मात्र गेले नाही: आता महापालिकेच्या तलावावर एकटाच सावकाश दीड किलोमीटर पोहतो आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा जुन्या प्रशिक्षकांना पैसे देऊन अर्धा तास फक्त पाहायला बोलावतो. दर खेपेला त्यांना काहीतरी सापडतेच.

पुणे, वय ४६ (पुन्हा)

मुंबईकरांचे पटले नाही. घड्याळ नसते तर मी ७२ हातांवरच समाधानी राहिलो असतो. पण भांडण नको, दिवाळीतली हकिकत सांगतो. गावी गेलो होतो, विहिरीला पाणी भरपूर होते. दोन वर्षांची सगळी विद्या पणाला लावून, डोके खाली, कंबर वर, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत, पाण्याचा आवाजही होऊ न देता मी एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेलो. इनमीन आठ हात झाले. वर पाहिले तर वडील घाईघाईने पायऱ्या उतरून पाण्याशी आले होते आणि हातात काढण्याचा दोर होता.

"आरं, डोकं वर काढ की," ते म्हणाले, "मला वाटलं बुडालास!"