कापूस खरेदीची पावती : पीडीएफ सर्व्हरवर तयार करावी की ब्राउझरमध्ये?

हिंगणघाटकर : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या वेब अ‍ॅप्लिकेशनमधून कापूस खरेदीची पावती एचटीएमएलवरून (वेब पान लिहिण्याच्या भाषेतून) पीडीएफ करून द्यायची आहे. ती सर्व्हरवरच तयार व्हावी, असे माझे ठाम मत आहे. वजन, प्रत, भाव आणि कपात यांचा हा पुरावा असून चुकारा अडला तर शेतकरी हाच कागद दाखवतो. तो प्रत्येक मोबाईलवर वेगळा निघणे मला मान्य नाही. एचटीएमएलचे पीडीएफ करणारे डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ हे साधन आता सोडावे, कारण त्यातील वेबकिट हे पान दाखवणारे इंजिन फार जुने आहे आणि २०२३ मध्ये त्या प्रकल्पाचे कामही थांबवण्यात आले. पपेटिअर या क्रोम हाताळणाऱ्या लायब्ररीद्वारे हेडलेस क्रोम, म्हणजे खिडकी न उघडता चालणारा क्रोम ब्राउझर, चालवणे योग्य होईल.

वणीकर : आपला आग्रह मला पटत नाही. हंगामात जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागते, तेव्हा अनेक पावत्या एकदम निघतात आणि प्रत्येक पावतीसाठी नवा क्रोम उघडला तर लहान सर्व्हरची मेमरी संपते. छपाईसाठी वेगळे सीएसएस (पानाच्या मांडणीचे नियम) लिहून कागदाचा आकार व समास ठरवून दिले, की ब्राउझरची प्रिंट सोय पुरेशी आहे.

हिंगणघाटकर : क्रोम एकदाच सुरू ठेवून पावत्या रांगेने काढता येतात. उलट प्रिंटच्या खिडकीत समास आणि आकार वापरणारा बदलू शकतो, शिवाय कंपनीच्या दप्तरी प्रत राहत नाही.

पांढरकवड्याहून : दोघांनीही देवनागरीचा विचार केलेला दिसत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. डॉमपीडीएफसारख्या पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीत अक्षरजुळणीची (अक्षरे व मात्रा योग्य जागी जोडण्याची) सोय नसल्यामुळे ‘क्विंटल’मधील जोडाक्षर फुटते आणि वेलांटी भलत्या जागी पडते. एचटीएमएल-टू-कॅनव्हास या लायब्ररीने पानाचे चित्र काढले तर अक्षरे नीट दिसतात, पण मजकूर शोधता येत नाही. वीजीप्रिंट हे एचटीएमएलचे पीडीएफ करणारे साधन अक्षरजुळणीसाठी पँगो ही लायब्ररी वापरते, त्यामुळे मराठी शुद्ध उमटते. ते जावास्क्रिप्ट (पानात चालणारा कोड) चालवत नाही, परंतु पावतीला त्याची गरजच काय? सर्व्हरवर नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट मात्र बसवलेला हवा, अन्यथा अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी येतात.

वणीकर : वीजीप्रिंटला माझी हरकत नाही. तरीही सर्व नोंदी डेटाबेसमध्ये असताना फाइली साठवण्याचे कारण मला दिसत नाही. लागेल तेव्हा पावती पुन्हा काढता येते.

हिंगणघाटकर : पुढच्या हंगामात पावतीचा साचा किंवा कपातीचे रकाने बदलले, तर नोंदीवरून पुन्हा काढलेली पावती शेतकऱ्याच्या हातातील पावतीशी जुळणार नाही. म्हणून त्या दिवशी दिलेली फाइल जशीच्या तशी जपली पाहिजे, या मतावर मी कायम आहे.