जुनं जातंय कुठे? नुसती भर पडतेय!

वेशीवरचा:
डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या कॉप-२८ या जागतिक हवामान परिषदेत ठरलं की जीवाश्म इंधनांपासून दूर सरकायचं आणि २०३० पर्यंत अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करायची. टाळ्याही झाल्या. इकडे जगाच्या प्राथमिक ऊर्जेत (म्हणजे मुळात जेवढी ऊर्जा वापरायला घेतो तिच्यात) कोळसा, तेल, वायूचा वाटा अजून ८० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि २०२४ मध्ये जगाने तोवरचा सर्वाधिक कोळसा वापरला. याला जुन्या इंधनाकडून नव्याकडे संक्रमण म्हणायचं? बाजारात तुरी अन्...

काजवा:
तो ८० टक्क्यांचा आकडा नेमकं काय मोजतो ते बघा. इंधनातली उष्णता. कोळशाच्या केंद्रात १०० भाग उष्णता घातली तर वीज मिळते ३५-४० भाग. उरलेली कूलिंग टॉवरमधून आभाळात जाते. पेट्रोल गाडीत तर जेमतेम पाव भाग चाकापर्यंत पोचतो, विजेच्या मोटरीत ८० टक्क्यांहून जास्त. म्हणजे ही वाया जाणारी उष्णता कुणी भरून द्यायचीच नाहीये. डोंगर वाटतो तेवढा उंच नाही.

शिफ्टवाला:
औष्णिक केंद्रात २२ वर्षं काढली, म्हणून बोलतो. ५० हर्ट्झच्या ग्रीडवर, म्हणजे विजेच्या जाळ्यावर, आमचा टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतो. दूरवर एखादा मोठा वीजसंच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की पहिले काही सेकंद हा फिरता लोखंडी भारच ग्रीड सावरून धरतो. कंट्रोल रूममध्ये कुणाचा हात बटणाकडे जायच्या आत काम झालेलं असतं. सौर पॅनलमध्ये फिरणारं काय आहे? २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा भर दुपार होती. ऊन रग्गड होतं.

काजवा:
दादा, फिरत्या भाराच्या जडत्वाचं मान्य. पण स्पेनच्या सरकारी चौकशीत मुख्य कारण निघालं व्होल्टेज हाताबाहेर चढण्याचं. आणि व्होल्टेज आवरायची जबाबदारी ज्या पारंपरिक केंद्रांवर होती, त्यांनीही ते पुरेसं आवरलं नाही. सगळं खापर उन्हावर का?

भट्टी:
तुम्ही दोघं विजेवरच अडकलात. जगाच्या अंतिम ऊर्जावापरात विजेचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. लोखंडाच्या झोतभट्टीत कोक (भाजून घेतलेला दगडी कोळसा) नुसता जळत नाही, तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, तेव्हा लोखंड सुटतं. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की खुद्द दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, खाली काहीही जाळा. नत्रखताच्या अमोनियाला लागणारा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूतून येतो. ही तिन्ही कामं छतावरच्या पॅनलने होत नाहीत. खरी लढाई इथे आहे, आणि इथेच सगळे गप्प.

वेशीवरचा:
भट्टी, हेच म्हणायचं होतं मला, तुम्ही नीट मांडलंत. काजवा, उष्णतेचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, कबूल. तरी एक देश दाखवा जिथे कोळसा खरोखर सुटलाय.

काजवा:
ब्रिटन. कोळशावर सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला तो तिथेच, लंडनमध्ये, १८८२ साली. २०१२ मध्येही तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. बारा वर्षांत!

वेशीवरचा:
आणि त्या जागी गॅस.

काजवा:
काही अंशी गॅस, बराचसा वारा. शिवाय दादांच्या जडत्वावरही तोड निघालीय. काही ठिकाणी जुन्या केंद्रातला जनरेटर ठेवतात आणि ग्रीडच्याच विजेवर फिरवत राहतात. आग नाही, धूर नाही, फिरता भार मात्र राहतोच.

शिफ्टवाला:
सिंक्रोनस कंडेन्सर. माहितेय, फ्लायव्हील (जड फिरतं चाक) जोडला तर आणखी बरं. ग्रीड सावरेल हो. पण त्याला ना कोळसा हाताळणी लागते, ना बॉयलर, ना राख उचलणं. आमच्या एकेका शिफ्टला जी माणसं लागायची त्यांतली दोन-चार उरतील. बाकीच्यांचं काय करायचं, ते दुबईत ठरलं होतं का?