साडेचार तास सगळ्यांचे सारखे असतात का?

जत_पूर्वभाग
गेल्या महिन्यात चुलत्याच्या अंगावरून वारं गेलं, मेंदूचा झटका. संध्याकाळी सातला म्हैस पिळताना चरवी हातातून सुटली, तोंड वाकडं झालं. जीपवाल्याला शोधून निघेपर्यंत साडेसात. तालुक्याला सलाईन लावलं, चिठ्ठी दिली, 'पुढं न्या'. तिथून पुढं ८०-९० किलोमीटर. पावणेअकराला पहिल्या खासगी दवाखान्यात पोचलो. सीटी झालं. रक्तस्राव नाही, गुठळी आहे, इंजेक्शन देता येईल म्हणाले, पण आधी डिपॉझिट. महात्मा फुले आरोग्य योजनेचं कार्ड काढलं तर हा दवाखाना योजनेत नाही. दुसरीकडं गेलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, म्हणजे आमची वेळ साडेअकरालाच संपलेली. चाळीस मिनिटांनी हुकलं.

शेजारच्या खाटेवर सांगलीतल्या विश्रामबागचे एक निवृत्त साहेब. सून डॉक्टर. सासऱ्यांना चहाचा कप धरता येईना म्हटल्यावर तिनं गाडी काढली, वाटेतूनच फोन केला, तासाभरात इंजेक्शन. सहाव्या दिवशी चालत घरी गेले. आजार तोच, औषधही तेच. माझ्या मते हे साडेचार तास ज्याच्या दारात गाडी आणि खिशात पैसा आहे त्याच्यासाठीच आहेत.

मिरज_नाइटड्यूटी
दादा, वाईट वाटलं. पण सगळं पैशावर ढकलू नका. मी कॅज्युअल्टीत रात्रपाळी करते. उशिरा येणाऱ्यांत बागायतदारही असतात. 'सकाळपर्यंत बघू', 'पित्त झालं असेल', कुणी तर कबुतराचं रक्त चोळून आणलेलं. एक आजोबा फॉर्च्युनरमधून आले, दुसऱ्या दिवशी दुपारी! मिनिटाला १९ लाखांच्या आसपास पेशी मरतात मेंदूतल्या. पेशंट जीपमधून आला का फॉर्च्युनरमधून, त्यांना काय फरक?

कोयता_आणि_कोपी
ताई, 'सकाळपर्यंत बघू' हे बागायतदार आळसानं म्हणतो, आम्ही हिशेबानं म्हणतो. मुकादमाची उचल फिटलेली नसते. आमच्या बापाला कोपीत झोपेतच झालं. पहाटे ऊसतोडीला उठवायला गेलो तर बोलता येईना. डॉक्टरनी विचारलं, शेवटचं धड कधी बघितलं? रात्री नऊला. घड्याळ तिथनं मोजतात म्हणे. म्हणजे आमचे साडेचार तास आम्ही झोपेत असतानाच संपले.

मिरज_नाइटड्यूटी
हे खरंय. झोपेतल्या झटक्यात एमआरआय बघून कधीकधी इंजेक्शन देता येतं. पण पहाटे एमआरआय चालू असलेलं ठिकाण हवं, आणि ते फडाजवळ नसतं. तुमचा मुद्दा मान्य.

तासगाव_बेदाणा
मला नाही पटत. महात्मा फुले योजनेत २०२३ च्या शासन निर्णयानंतर रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत, संरक्षण ५ लाखांचं. तातडीच्या वेळी फोनवरूनही कळवता येतं. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे, फुकट. जीप शोधत का बसलात? माहिती नसणं म्हणजे गरिबी नव्हे.

जत_पूर्वभाग
१०८ नाही सुचलं, कबूल. चुलती रडत होती, जीप समोर दिसली. पण योजनेतल्या (अंगीकृत) दवाखान्यांची यादी तोंडपाठ करून कुणी म्हैस पिळायला बसत नाही हो. साहेबांच्या सुनेला ती यादी लागलीच नाही, तिला माणसं माहीत होती. माहिती नसणं म्हणजे गरिबी नाही तर काय?

कराड_चौपदरी
बिल माफ केलं तरी अंतर उरतंच. इंग्लंडात उपचार फुकट, तरी नळी घालून गुठळी ओढून काढायची सोय लंडनच्या माणसाला बाकीच्या भागांपेक्षा कितीतरी जास्त मिळते. हिमाचलनं वेगळी वाट काढली. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर सीटीचे फोटो मोबाइलवरून मोठ्या रुग्णालयातल्या न्यूरॉलॉजिस्टला पाठवतो, ते 'द्या' म्हणाले की इंजेक्शन तिथंच, सरकारी खर्चानं. डोंगरात जमतं तर जतच्या माळावर का नाही? गुठळी विरघळवायचं टेनेक्टेप्लेस हे इंजेक्शन तर पुण्याची कंपनीच बनवते.

तासगाव_बेदाणा
रक्तस्राव झालेल्याला ते चुकून दिलं तर माणूस दगावेल, आणि त्या डॉक्टरची कॉलर धरणारे आपलेच लोक असतील. तालुक्याला कोण हात घालेल?

मिरज_नाइटड्यूटी
सगळं बरोबर करूनही शंभरात पाच-सहा जणांना इंजेक्शननंतर मेंदूत रक्तस्राव होतो. मोठ्या दवाखान्यातही होतो. नातेवाइकांना समजावून, सही घेऊनच देतो आम्ही. आणि तेवढ्यात एक: अशा वेळी घरी पेशंटच्या तोंडात पाणी, चहा, बीपीची गोळी काही घालू नका. गिळता आलं नाही तर फुफ्फुसात जातं.

जत_पूर्वभाग
सही आम्ही दिलीच असती ताई. पण पहिल्या ठिकाणी जो कागद पुढं आला तो सहीचा नव्हता, डिपॉझिटचा होता.

मिरज_नाइटड्यूटी
चुलते कसे आहेत आता? रोजची फिजिओथेरपी सोडू नका, पहिले तीन महिने फार महत्त्वाचे.

जत_पूर्वभाग
काठी धरून उठतो. उजवा हात नाही हलत. आठवड्यातनं एकदा मिरजेला आणतो एसटीनं, त्यात आख्खा दिवस जातो. तुम्ही सांगताय तशी रोज करायची म्हणजे तिथं खोली घ्यावी लागेल. म्हैस विकायचं चाललंय.