न सुटलेली एक तरी सवय सांगा (खाणं आणि हालचाल)

मुलुंडकरीण :

गेल्या पावसाळ्यात ऑफिसच्या चेकअपमधे माझं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले डायबेटिस ६.५ पासून धरतात, पण ५.७ ओलांडलंत म्हणजे त्या वाटेला लागलात. मग घाबरून काय काय केलं विचारू नका, जिमची वर्षाची फी भरली, कारल्याचा रस प्यायले, ओट्स आणले, भात बंद केला, आणि यातलं एकही गणपतीपर्यंत टिकलं नाही. ओट्सचा डबा अजून माळ्यावर आहे.

टिकलं काय तर चहाचं. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. एकदा सहज म्हणून किचनच्या काट्यावर ते दहा चमचे ठेवले तर पंचेचाळीस ग्रॅम भरले! जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, आणि माझं तर चहातच जवळजवळ दुप्पट. एकदम सोडली असती तर चौथ्या दिवशी डोकं धरून बसले असते, म्हणून दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला. आता कपाला अर्ध्या चमच्यावर आहे आणि लग्नाकार्यातला चहा तोंडात पाकासारखा लागतो. परवाच्या रिपोर्टमधे ५.८ आलं. सगळं चहानेच झालं असं नाही म्हणत मी, रात्री जेवल्यावर नवऱ्याबरोबर बिल्डिंगभोवती चार चकरापण मारते, पण चकरा चुकतात, चहा चुकत नाही.

तर मोठे प्लॅन नकोत, निदान सहा महिने टिकलेली एक सवय लिहा, आणि ती का टिकली असं वाटतं तेही. फसलेल्या चालतील, त्या वाचायला जास्त मजा येते.

विरार_फास्ट :

माझं ऑफिस नरिमन पॉइंटला. चर्चगेटला उतरून शेअर टॅक्सीची लाइन लावायची आणि लाइनीत दहा मिनिटं उभं राहून मोबाइल बघायचा असं अकरा वर्षं केलं. एकदा टॅक्सीवाल्यांचा संप होता म्हणून चालत गेलो तर सोळा मिनिटात पोचलो, म्हणजे लाइनीत उभा राहून मी वेळसुद्धा वाचवत नव्हतो राव. तेव्हापासून जाता येता चालतोच. नंतर कुठेतरी वाचलं की मोठ्या माणसाने आठवड्याला दीडशे मिनिटं तरी जरा दम लागेल असं चालावं. पंधरा मिनिटं दोनदा, पाच दिवस, बरोब्बर दीडशे! हिशोब न करताच जमला. मे महिन्यात घामाने वाट लागते, ड्रॉवरमधे एक जास्तीचा शर्ट ठेवलाय.

पण खरी अडचण संध्याकाळची होती. सातला निघायचं, विरारला पोचेपर्यंत पावणेनऊ, अंघोळ करून जेवायला साडेनऊ, आणि मधे भूक लागते म्हणून स्टेशनवर वडापाव, मग घरी परत पूर्ण जेवण आणि लगेच झोप. ॲसिडिटीच्या गोळ्या चणेफुटाण्यासारख्या खायचो. आता बायको डब्यात दोन पोळ्या भाजी जास्त देते, त्या साडेसहाला डेस्कवरच खातो आणि घरी गेल्यावर फक्त एक वाटी वरण किंवा ताक आणि काकडी. म्हणजे जेवण तेच, नुसतं दोन तुकड्यात. पहिला महिना ऑफिसात सगळे विचारायचे काय रे घरी जेवायला देत नाहीत का. वडापाव सोडला नाहीये, शुक्रवारचा आहे, त्यावर चर्चा नको.

कोथिंबीरजुडी :

लेडीज डब्यात भाजी निवडतात हे सगळ्यांना माहितीये, आमचा ग्रुप दादरहून अंबरनाथ लोकल पकडतो आणि माटुंग्याच्या आत पिशव्या उघडतात. मेथी, मटार, गवार जे असेल ते. कोणीतरी एकदा गाजरं घरूनच धुऊन आणली आणि सगळ्यांना वाटली, तेव्हापासून पाळी लावलीय, सोमवारी माझी काकडी, मंगळवारी बीटवाली, असं. घाटकोपर येईपर्यंत प्रत्येकीच्या पोटात एक गाजर नाहीतर काकडी गेलेली असते आणि घरी गेल्यावर फरसाणाच्या डब्याकडे जो हात जायचा तो जात नाही. चार वर्षं झाली. का टिकलं तर एकटीने करायचं असतं तर कधीच सोडलं असतं, पण पाळी असली आणि रिकाम्या हाताने गेलं तर ज्या नजरेने बघतात ना, त्यापेक्षा काकडी चिरलेली परवडते.

शिवाय निवडलेली भाजी घेऊनच घरात शिरते त्यामुळे रात्री बाहेरून मागवायचं कारणच उरत नाही.

बंद_लिफ्ट :

आमची लिफ्ट दोन महिने बंद होती. सातवा मजला. तेव्हा सोसायटीला शिव्या घातल्या. आता सुरू आहे तरी चौथ्यापर्यंत चालतो, मग लिफ्ट. पूर्ण सात ठरवले असते तर सोडून दिलं असतं, चौथ्यावर थांबायची मुभा आहे म्हणून चाललंय. उतरताना लिफ्टच, गुडघे दुखतात.

गॅलरीवाली आजी :

माझं वय एकाहत्तर. गिरगावात चाळीत राहते, टायपिंग नातवाचं आहे, चुका त्याच्या. चौपाटीवर फिरायला जा असं सगळे सांगतात, पण पावसाळ्यात निसरडं असतं आणि एकदा पडून मनगट मोडून घेतलंय. आमची गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी साठ पावलं. सकाळी दूध आल्यावर दहा फेऱ्या आणि संध्याकाळी दिवा लावून झाला की दहा. आधी वाटेत लोकांच्या चपला, सायकली, तुळशीच्या कुंड्या, सगळं आडवं यायचं. मी काही बोलले नाही, रोज जाताना एकेक चप्पल पायाने बाजूला करत गेले. पंधरा दिवसांनी लोक आपणहून आत ठेवायला लागले.

गुडघ्यासाठी फिजिओथेरपीच्या मुलीने शिकवलेला व्यायाम सांगते. खुर्चीत पाठ टेकून बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, मांडी घट्ट करायची, दहा आकडे मोजायचे, हळू खाली. मग दुसरा. दहादहा वेळा. ती म्हणाली गुडघ्याचा भार मांडीने उचलायला हवा, मांडी दुबळी असली की सगळं गुडघ्यावर येतं. मी मालिकेतल्या जाहिराती लागल्या की करते, जाहिराती एवढ्या असतात की व्यायाम संपतो पण त्या संपत नाहीत.

शंकासुर :

सगळं छान चाललंय पण कोणी दहा हजार पावलांचं बोललं नाही अजून, मीच बोलतो. हातात घड्याळ बांधून वर्षभर दहा हजाराच्या मागे होतो, नऊ हजार आठशे झाले की रात्री साडेअकराला बेडरूममधे फेऱ्या, बायको म्हणाली एकतर घड्याळ झोपेल नाहीतर तू. मग हा आकडा आला कुठून ते शोधलं तर १९६५ साली जपानमधे पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं होतं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं मीटर अशा अर्थाचं. म्हणजे आकडा जाहिरातीतला! चालणं चांगलंच आहे, पण दहा हजाराला काही जादू नाही. घड्याळ भाच्याला दिलं. सध्या रोज भाजी आणायला गाडी न काढता चालत जातो, किती पावलं होतात देव जाणे.

तेलाचा_कॅन :

आमच्याकडे चार माणसं आणि पाच लिटरचा कॅन पाच आठवड्यात संपायचा. मुलाने गणित करून दाखवलं, माणशी रोजचे छत्तीस मिली, म्हणजे सात चमचे. सासूबाई म्हणाल्या मी तर एवढं घालतच नाही! त्या खोटं बोलत नव्हत्या, बाटलीतून ओततात त्यामुळे किती पडलं ते कोणालाच दिसत नाही. त्यांना कमी घाला म्हणायची माझी तरी हिंमत नाही. मी फक्त बाटली उचलून ठेवली आणि स्टीलच्या छोट्या भांड्यात दिवसाचं तेल काढून चमचा ठेवला. फोडणी त्यांचीच, हात त्यांचाच. आता तोच कॅन साडेसात आठवडे जातो. दिवाळीचा महिना सोडून हं, दिवाळीत भांडं आपोआप गायब होतं.

सुरमईप्रेमी :

+१ तेलाला. आम्ही मालवणी, रव्यात घोळवून बुडवून तळल्याशिवाय मासा मासा वाटायचा नाही. आता बांगडा तव्यावर दोन चमचे तेलात, झाकण ठेवून. खरं सांगू, सुरमईला ती मजा नाही येत, बांगड्याला येते कारण त्याचं स्वतःचंच तेल सुटतं. आणि बांगडा स्वस्त पण.

पार्कातली :

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाबांना डायबेटिस आहे, गोळ्या चालू. असंच काहीतरी वाचून त्यांनी रात्रीचं जेवण अर्धं केलं आणि शिवाजी पार्कला एकाच्या दोन फेऱ्या सुरू केल्या, आम्हाला न सांगता. तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर बसले ते दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. साखर एकदम उतरली होती. शेजारच्या काकांनी ओळखलं आणि पाण्यात तीन चमचे साखर घालून पाजली, पंधरावीस मिनिटात ठीक झाले. डॉक्टरांनी नंतर गोळीचा डोस कमी केला आणि सांगितलं की खाणं कमी आणि चालणं जास्त करायचं असेल तर आधी मला सांगायचं, गोळी तीच ठेवून नाही. त्यामुळे इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील त्यांनी प्लीज विचारून करा. बाबा अजून दोन फेऱ्या मारतात, खिशात ग्लुकोजची पुडी असते.

मुलुंडकरीण :

हे लिहिलंत ते फार बरं केलंत ताई, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजी, आजपासून जाहिरातीत पाय सरळ करणार. शंकासुर, बेडरूममधल्या फेऱ्या वाचून नवरा दोन मिनिटं हसत होता, कारण तोही तेच करतो.

नाश्त्याचं कोणीच लिहिलं नाही? मी पोह्यांवर लिंबू पिळते आणि चहा तासाभराने घेते, लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं आणि चहा आड येतो म्हणून. बाकी माझी गाडी पोहे उपमा पोहे.

गॅलरीवाली आजी :

नाचणीची आंबील कर गं. कॅल्शियम भरपूर असतं, आणि पोट दुपारपर्यंत शांत.

मुलुंडकरीण :

आजी, तीनदा केली, तिन्ही वेळा गुठळ्या. प्रमाण सांगा ना.

गॅलरीवाली आजी :

दोन मोठे चमचे पीठ रात्री अर्धी वाटी पाण्यात कालवून झाकून ठेव. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकतेस म्हणून गुठळ्या होतात. सकाळी दीड वाटी पाणी उकळायला ठेव, मीठ घाल, मग कालवलेलं पीठ एका हाताने ओत आणि दुसऱ्या हाताने ढवळत रहा, थांबायचं नाही, फोन वाजला तरी. रंग गडद झाला आणि चकाकी आली की गॅस बंद. पूर्ण गार झाल्यावर वाटीभर ताक, जिऱ्याची पूड, लसणाची एक पाकळी ठेचून. गरम असताना ताक घालू नकोस, फाटतं.