रोजचं रेखाटन ताजं कसं ठेवता? किनारपट्टीवरचे अनुभव

रोज एक रेखाटन हा नेम पहिला महिना छान चालतो. मग वहीत तोच माड, तीच होडी, तोच सूर्यास्त फिरून फिरून यायला लागतो. डहाणूपासून रेडीपर्यंत विषयांना तोटा नाही. हाताला ठरलेल्या वाटेची सवय होते, ती मोडावी लागते. तुम्ही ती कशी मोडता? किती मिनिटं, कोणतं साहित्य, कुठे फसतं आणि कशामुळे, हे नेमकं लिहा. नव्याने वही उघडणाऱ्याला उद्या सकाळी वापरता यावं.

खाडीकाठ, दाभोळ

जागा बदलू नका, वेळही बदलू नका. पाण्याला बदलू द्या. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी ७ वाजता धक्क्याला पाणी लागलेलं असेल, तर आठवड्याने त्याच वेळी तिथे चिखल असतो आणि होडी एका कुशीवर कललेली असते. पंधरा दिवसांत चक्र पुरं होतं, म्हणजे एकाच जागेची पंधरा निराळी चित्रं.

वेळ काढायला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला ३ आणि अष्टमीला ६ च्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज झाला. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही खोल जाते. तेव्हा उघडे पडलेले खडक, कालवं चिकटलेले खांब, तिवरांची मुळं काढावीत. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं-उतरतं, तेव्हा प्रतिबिंबं.

पाण्याची रेघ शेवटी काढली की सगळं फसतं. तोवर पाणी वीतभर चढलेलं असतं आणि खांबांची उंची खोटी दिसते. पहिल्या दोन मिनिटांत रेघ मारा, बाजूला वेळ लिहा, मग तिला हात लावू नका. नांगरावरची होडी आधी उरका. प्रवाह फिरला की तीही तोंड फिरवते.

वाळूतली वही, मालवण

माणसं टाळली की वही लवकर शिळी होते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं सरावाला उत्तम, कारण तीच हालचाल काही सेकंदांनी परत येते. एका ए५ पानावर पाच-सहा आकृत्या एकदम सुरू करा. आधी दोर, एका दमात. मग पाठीचा कल, मग टाचा कुठे रुतल्यात ते. डोकं नुसतं अंडाकृती ठेवून सोडा. ३० सेकंद झाले की दुसऱ्या आकृतीकडे जा. माणूस पुन्हा त्याच ढंगात आला की पहिलीकडे परत या. चेहऱ्यापासून सुरुवात केली तर माणूस नुसता उभा राहतो, ओढत नाही. सगळं वजन टाचांत असतं आणि तिकडे तुमची नजर तोवर गेलेलीच नसते.

हर्णैच्या मासळी लिलावासारख्या गर्दीत माणसं सोडा आणि फक्त टोपल्यांची तोंडं काढा. पायाजवळची टोपली गोलसर दिसते, लांबची चपटी होत जाते. वीस टोपल्या काढल्या की जमिनीचा उतार आपोआप पानावर येतो. दोर ओढला जातो तिथे वाटेत उभं राहू नये, आणि काढण्याआधी विचारावं. विचारलं की बहुधा सावलीतली जागाही मिळते.

जांभा, राजापूर

रंगपेटीतले बारा रंग दिसले की हात रोज तेच चार उचलतो. त्यापेक्षा एक आठवडा तीनच रंग ठेवा: बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा), यलो ऑकर (मातकट पिवळा). पहिल्या दोघांचं प्रमाण बदललं की उबदार तपकिरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं. भिजलेला गडगा, कौलं, आषाढातले ढग त्यातच बसतात. ऑकर आणि अल्ट्रामरीनचा हिरवा मळकट येतो, पण जून आंब्याच्या पानाला तोच जवळचा. ट्यूबमधला तयार हिरवा कोकणात परका दिसतो.

त्याहून मोठा बदल हवा असेल तर रंग स्वतः करा. जांभ्याची वाटीभर माती पाण्यात ढवळा आणि मिनिटभर थांबा. वाळू तळाला बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. असं तीनदा करा. रात्रभर ठेवून निवळ पाणी काढून टाका आणि खालचा गाळ वाळवून कुटा. बाभळीचा डिंक १ भाग आणि गरम पाणी २ भाग, रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा. जाड काचेवर पूड आणि डिंकाचं पाणी साधारण समसमान घ्या. त्यात मधाचे दोन-तीन थेंब आणि बुरशी धरू नये म्हणून लवंग तेलाचा एक थेंब घाला. मग बोटाला कण लागेनासा होईपर्यंत घोटा. चमचाभर रंगाला पंधरा मिनिटं तरी लागतात.

डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला येतो. जास्त झाला तर चकाकतो आणि तडकतो. मध जास्त झाला तर आपल्या दमट हवेत रंग चिकटच राहतो आणि वहीची पानं एकमेकांना धरतात. मातीचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा असतो, त्यामुळे उन्हाने तो उडत नाही.

हा रंग ओल्या ब्रशने सहज उचलला जातो, त्याचा उपयोग करून घ्यावा. दक्षिण कोकणातल्या आणि गोव्यातल्या देवळांवरच्या कावी कामात तांबडा थर खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. तसंच पान आधी पूर्ण तांबडं करा, वाळू द्या, मग ओल्या ब्रशने उजेड उचला. रोज गडद भरत जाणाऱ्या हाताला उलटा विचार करावा लागतो. आठवडाभर हेच करून पाहावं, एका दिवसात काही कळत नाही.

पागोळी, कुडाळ

बरेच नेम जून ते सप्टेंबरमध्ये मोडतात आणि दोष आळसाला दिला जातो. खरं कारण बऱ्याचदा कागद असतो. दमट हवेत त्याच्यावरची खळ, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, बुरशी खाते. मग रंग टाकला की ठिकठिकाणी टीपकागदासारखा शोषला जातो. पूर्ण सुती, जाड ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) कागदही यातून सुटत नाही. पावसाळ्यापूर्वी १०-१२ ताव घ्या, गठ्ठा नको. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास तापवा, पुन्हा चालू लागतात. बाहेरच्या भिंतीच्या कपाटात वही ठेवू नये.

भिजट कागदावर कठीण पेन्सिल खाचा पाडते, म्हणून २बी किंवा ४बी वापरा. एक थर वाळायला अर्धा तास लागतो, तेव्हा दोन थरांचं चित्र आखूच नका; ओल्यावर ओलं, एका बैठकीत. रंगाचा पत्र्याचा डबा गंजतो, प्लास्टिकचा घ्या आणि लगेच बंद करू नका.

विषय पडवीत बसून मिळतात. पागोळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागा काढा, धारा आपोआप दिसतात. किंवा लावणीकडे दोन मिनिटं नीट पाहा, आत या आणि आठवणीने काढा. बाहेर जाऊन पडताळा, चूक लाल पेनने त्याच पानावर दाखवा. महिनाभरात लाल रेघा एकाच प्रकारच्या दिसू लागतात. माझ्या मते वहीतलं सगळ्यात उपयोगी पान तेच.

मोती तलाव, सावंतवाडी

चौकट बदला. इथली गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, गोल असते. दशावतारी संचात १० रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०. प्रत्येक रंगात एक ते दहा आणि वर राजा व प्रधान. तेच वहीसाठी घ्या: वाटी ठेवून गोल आखा, एक वस्तू निवडा, बांगडा किंवा करवंटी. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं दहापर्यंत. अकरावा आणि बारावा दिवस माणसांचा, हातात तीच वस्तू. चारपर्यंत सोपं जातं. पाच आणि सातला मांडणी विस्कटते, कारण गोलात कोपरा नसतो आणि उरलेली वस्तू सरकवायला जागा मिळत नाही. एक मधोमध घ्या, बाकीच्या कडेने फिरवा.

सडा, रत्नागिरी

फक्त रेघ. उक्षीच्या कातळशिल्पातला हत्ती नुसत्या बाह्यरेषेने उभा आहे. एक जाड पेन, पाच मिनिटं, पेन जास्तीत जास्त पाच वेळा उचलायचं. गाय, रिक्षा, फणस, काहीही. तिथे बसून काढणार असाल तर कोरीव रेषांवर पाय देऊ नका आणि खडूने त्या भरू नका.

पागोळी, कुडाळ

वर राजापूरहून लिहिणाऱ्या 'जांभा' यांच्या कृतीला पुरवणी. मातीचा रंग फेब्रुवारी-मार्चमध्येच करा. जुलैत गाळ लवकर वाळत नाही आणि तोवर त्यावर बुरशी येते. भरायला शिंपले चालतात: उकळून, वाळूने घासून घ्या. रंग एकदम काठोकाठ भरू नका, मधोमध तडा जातो. तीन थर द्या, आणि आधीचा पूर्ण वाळल्यावरच पुढचा.